रिकाम्या खोल्यांमधील एसीच्या जाळ्या बंद ठेवल्याने वीज वाचते का?

चिरेबंदी (पर्वरी)
आमच्या घरात साडेपाच टनांचा डक्टचा एसी आहे. माळ्यावरच्या एकाच यंत्रातून दिवाणखाना आणि चार शयनकक्ष यांना मिळून आठ जाळ्यांतून गार हवा मिळते. दोन्ही मुले शिक्षणासाठी पुण्याला गेल्यापासून वरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात. म्हणून मार्च महिन्यात मी तिथल्या तिन्ही जाळ्यांची पाती मिटवली आणि दारेही लावून घेतली. एप्रिल-मेच्या बिलात मात्र नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. आता जूनपासून बंद जाळ्यांच्या कडेने पाणी ठिबकते, छताच्या जिप्समवर पिवळसर कडे उमटले आहे आणि दिवाणखान्यातील जाळी शिट्टी घातल्यासारखी वाजते. गेल्या रविवारी तर बाहेरच्या यंत्राकडे जाणाऱ्या जाड तांब्याच्या नळीवर चक्क बर्फ दिसला. या साऱ्याचा संबंध मिटवलेल्या जाळ्यांशी असेल का?

गार वारा (मडगाव)
संबंध आहे, आणि थेट आहे. मी याच व्यवसायात असल्याने जरा सविस्तर लिहितो.

जाळी म्हणजे नळाची तोटी आणि ती बंद केली की खर्चही थांबतो, अशी बहुतेकांची समजूत असते. पण आपले यंत्र साडेपाच टनांचे आहे, ते जाळ्या मिटल्यावर तीन टनांचे होत नाही. दर टनामागे मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, जावी, असा ठोकताळा आम्ही धरतो. म्हणजे आपल्याकडे 2,200 घनफूट हवा फिरायला हवी. आठांपैकी तीन वाटा बंद झाल्या की डक्टमधला दाब वाढतो. दिवाणखान्यातील शिट्टी हा त्याच दाबाचा आवाज आहे. डक्टचे सांधे थोडे जरी सैल असले, तरी हा दाब गार हवा माळ्यावर, म्हणजे कौलांखालच्या उकाड्यात ढकलतो आणि तिचे पैसे आपण भरता.

ब्लोअरची, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर जुन्या पद्धतीची असेल, तर ती कमी हवा ढकलते. नव्या पद्धतीची, हवेचे प्रमाण कायम राखणारी असेल, तर तेवढीच हवा रेटण्यासाठी ती जास्त वीज खाते. पहिल्या प्रकारात कॉइलला पुरेशी उष्ण हवा मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली उतरते, तिच्यावरचे पाणी गोठते आणि त्या बर्फाने उरलीसुरली हवाही अडते. आपण पाहिलेला बर्फ बहुधा असाच आला. असे झाले की यंत्र बंद करून नुसता पंखा चालवावा आणि बर्फ पूर्ण वितळू द्यावा, कारण नळ्यांतून फिरणारे, गारवा देणारे द्रव कॉइलमध्ये वायू न होता तसेच काँप्रेसरपर्यंत पोहोचले, तर सर्वांत महागडा भाग जायबंदी होतो. फिल्टरही तपासा, धुळीने भरलेला फिल्टर हेच संकट जाळ्या उघड्या असतानाही आणतो.

ओसरीवरून (फोंडा)
वरील उत्तराला गोव्याच्या हवेची जोड द्यावीशी वाटते. जुलैमध्ये बाहेर 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, तर 25 अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावरही दव धरते. मिटलेली पाती कधीच पूर्ण घट्ट बसत नाहीत. त्यांच्या मागे पंधरा-सोळा अंशांची हवा आणि समोर बंद खोलीतील दमट हवा असेल, तर पत्रा ठिबकणारच. खोली गार होत नाही म्हणून तिच्यातील ओलावाही निघत नाही. आम्ही एक पावसाळा असाच प्रयोग केला आणि चतुर्थीच्या आधी कपाट उघडले, तेव्हा पैठणीच्या काठांवर पांढरी बुरशी आणि चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी, असे दोन रंग सापडले. तेव्हापासून रिकाम्या खोलीची जाळी अर्धी उघडी आणि दारही किलकिले असते, म्हणजे हवेला परत यंत्राकडे जायला वाट राहते.

नारळाची सावली (म्हापसा)
आमच्या घरी दहांपैकी एक जाळी, कोठीच्या खोलीतली, चार वर्षे बंद आहे आणि काहीही बिघडलेले नाही. त्यामुळे सरसकट भीती घालू नये, असे माझे मत आहे.

गार वारा (मडगाव)
आपले म्हणणे मान्य आहे. दहांत एक जाळी डक्ट सहज सोसतो, आठांत तीन सोसत नाही. थंड प्रदेशांत भट्टीवर चालणाऱ्या घरांत हीच चूक उलट बाजूने होते: हवा कमी पडली की भट्टीतील उष्णता-विनिमयक (हवेला उष्णता देणारा भाग) जास्त तापतो आणि सुरक्षा-खटका यंत्र बंद पाडतो.

चिरेबंदी यांच्यासाठी एक सूचना. विभागवार मोटरचे डँपर, म्हणजे डक्टमधील आपोआप उघडमिट होणाऱ्या झडपा, बसवून द्यायला कोणी आले, तर आधी काँप्रेसर इन्व्हर्टरचा, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, आहे का ते पाहा. काँप्रेसर एकाच वेगाने चालणारा असेल, तर नुसते डँपर म्हणजे आपण हाताने मिटवलेल्या जाळ्याच, फक्त महाग. बिलासाठी तापमान 22 ऐवजी 24 वर ठेवावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. आणि रात्री केवळ एकच शयनकक्ष वापरात असेल, तर तिथे एक टनाचा स्वतंत्र स्प्लिट एसी लावून मोठे यंत्र बंद ठेवणे परवडेल.

चिरेबंदी (पर्वरी)
आज सकाळी तिन्ही जाळ्या उघडल्या. शिट्टी लगेच थांबली. फिल्टर काढला, तर त्यावर लोकरीसारखा धुळीचा थर होता. तो धुऊन सावलीत वाळत ठेवला आहे. छतावरचे कडे मात्र पावसाळा संपल्यावर रंगवावे लागेल. स्प्लिट एसीचे घरात बोलून ठरवतो.