मदत हवी आहे: परदेशी व्यवसाय-कायदा परिषदेत ऑनलाइन सहभागी होताना तयारी कशी करावी?

नमस्कार.

मी जालना येथे गेली १७ वर्षे वकिली करतो. माझ्याकडील बहुतेक काम व्यापारी वर्गाचे आहे. सळई कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांची थकलेली बिले, बियाणे कंपन्या व उत्पादक यांच्यातील करार, भागीदारीतील तंटे आणि बँकांच्या वसुलीची प्रकरणे त्यात येतात. अमेरिकेतील व्यवसाय-कायद्याच्या वकिलांची तीन दिवसांची परिषद येत्या मार्चच्या उत्तरार्धात पूर्णपणे ऑनलाइन होणार असून परदेशातील वकिलांनाही तिच्यात नोंदणी करता येते. मला सहभागी व्हायचे आहे, आणि ज्यांनी अशा परिषदांत भाग घेतला आहे त्यांच्याकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

या परिषदेची ओढ एका मसुद्यामुळे लागली. आमच्या एका पक्षकाराचे बियाणे प्रक्रियेचे लहान युनिट आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे एका अमेरिकन खरेदीदाराचा चाळीस पानांचा पुरवठा करार आला आणि त्यात न्यूयॉर्क राज्याचा कायदा व तेथील न्यायालयाचे अधिकारक्षेत्र लिहिलेले होते. आपल्या बाजूने जे सांगता येण्यासारखे होते ते मी सांगितले. अमेरिका हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अधिसूचित प्रदेश नसल्यामुळे तेथील निकालाची येथे थेट अंमलबजावणी होत नाही, त्या निकालाच्या आधारे येथे नव्याने दावा लावावा लागतो. याउलट १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखालील लवादाचा निवाडा आपल्या १९९६ च्या लवाद कायद्यानुसार अंमलात आणता येतो, म्हणून लवादाचे कलम मागावे, इथपर्यंत मी खात्रीने बोलू शकलो. परंतु नुकसानभरपाईच्या हमीचे कलम न्यूयॉर्कचा वकील कसे वाचतो, दायित्वाची कमाल मर्यादा ठरवताना तेथे कोणते अपवाद गृहीत धरले जातात आणि वाटाघाटीत कोणता मुद्दा समोरचा सहज सोडतो, हे मला पुस्तके चाळूनही उमगले नाही. तुम्ही मुंबईच्या एखाद्या मोठ्या फर्मकडे जा, असे मी पक्षकारांना सुचवले. त्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही शिकून घ्या, आम्ही थांबतोत." तो व्यवहार पुढे बारगळला, पण त्यांचे ते शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत.

कार्यक्रमपत्रिकेत लहान उद्योगांच्या दिवाळखोरीवरही एक सत्र आहे. अमेरिकेत लहान उद्योगांसाठी दिवाळखोरी संहितेच्या अकराव्या प्रकरणातील पाचवे उपप्रकरण फेब्रुवारी २०२० पासून लागू झाले, आणि आपल्याकडे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी पूर्वनियोजित निराकरणाची तरतूद एप्रिल २०२१ मध्ये आली. दोन्हींत उद्योग मालकाच्याच ताब्यात ठेवून कर्जाची फेरमांडणी करण्याचा विचार आहे. आपल्याकडे ही वाट फार थोड्यांनी धरलेली दिसते. तेथील वकील तिचा उपयोग कसा करतात हे ऐकण्याची मला मनापासून उत्सुकता आहे, कारण जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत बंद पडणारे प्रत्येक लहान युनिट आमच्यासाठी ओळखीच्या घरासारखे असते.

आता अडचणींविषयी. गेल्या वर्षी अशाच एका परिषदेत मी नोंदणी केली होती आणि तिचा मला जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. पहिली चूक वेळेची झाली. न्यूयॉर्कची सकाळी १० ची वेळ म्हणजे आपली रात्री साडेआठ, असे मी फेब्रुवारीत टिपून ठेवले होते. परंतु मार्चच्या दुसऱ्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे जातात, हे मी लक्षात घेतले नव्हते. सत्र आपल्या वेळेनुसार साडेसातला सुरू झाले आणि मी तासभर उशिरा पोहोचलो. त्यानंतर मला पाच-सहा जणांच्या छोट्या चर्चागटात पाठवण्यात आले. तेथे प्रत्येकाने स्वतःची ओळख करून दिली, मी नाव व गाव सांगितले आणि पुढील पंचवीस मिनिटे केवळ ऐकत राहिलो. विषय समजत होता, बोलण्यासारखेही होते, पण आपल्याकडील संदर्भ इतक्या थोड्या वेळात कसा मांडावा हे सुचले नाही. या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, म्हणून हा धागा काढला आहे.

माझा पहिला प्रश्न सत्रांच्या निवडीविषयी आहे. तेथील सकाळी १० ते सायंकाळी ५ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते रात्री अडीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयात उभे राहायचे असते. व्याख्याने नंतर ध्वनिचित्रमुद्रणातून पाहता येणार आहेत, पण समित्यांच्या बैठकांचे मुद्रण होणार नाही. मला वाटते की खरे काम या बैठकांतच चालत असावे, कारण अमेरिकेत कंपनी कायदा राज्याराज्यांचा असतो आणि अनेक राज्यांनी आधारभूत मानलेला आदर्श कंपनी कायदा अमेरिकन बार असोसिएशनच्या व्यवसाय-कायदा विभागाची समितीच तयार करते व सुधारत असते. तेव्हा जागरण बैठकांसाठी करावे आणि व्याख्याने पुढील रविवारी पाहावीत, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? बाहेरच्या सहभागीला अशा बैठकीत बोलण्याची मुभा खरोखर असते का?

दुसरा प्रश्न व्यवसायनीतीचा आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सहभागीने स्वतःचा परिचय भरायचा असतो. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार आपल्याला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनद क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र एवढी माहिती देण्याची परवानगी मिळाली. परिचयात मी तेवढेच लिहिणार आहे. मात्र "आपण कोणत्या प्रकारचे व्यवहार हाताळले" असाही एक रकाना आहे आणि तो रिकामा ठेवणेच मला उचित वाटते. चर्चागटात उदाहरण देताना पक्षकाराची ओळख उघड होऊ नये याची काळजी आपण कशी घेता, तेही कळवावे. आमच्यासारख्या गावात "बियाण्याचे लहान युनिट" एवढे म्हटले तरी चार नावे डोळ्यांसमोर येतात. परदेशी श्रोत्यांना ती कळणार नाहीत, पण त्यांत मुंबई-पुण्याचे वकीलही असतील.

तिसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. माझ्याकडे दोन ज्युनियर आहेत. त्यांपैकी अंबड तालुक्यातून रोज एसटीने येणारी मुलगी अतिशय अभ्यासू आहे. नोंदणी एका व्यक्तीच्या नावाची असते आणि शुल्क दोघांसाठी वेगळे भरणे मला सध्या परवडणारे नाही. माझ्या शेजारी बसून त्यांनी सत्र ऐकले तर ते नियमाचे उल्लंघन ठरते का? संयोजकांना पत्र लिहून परवानगी मागावी, की विकसनशील देशांतील नवोदित वकिलांसाठी सवलत असते का, असे आधी विचारावे? मला लपवून काहीही करायचे नाही, पण त्या दोघांनी हे ऐकावे असे फार वाटते.

किरकोळ बाबी दोनच आहेत. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वकिलांना ठरावीक तासांचे निरंतर शिक्षण सक्तीचे असते, उदाहरणार्थ न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला दोन वर्षांत २४ तास, आणि त्यासाठी सत्राच्या मध्येच एक सांकेतिक शब्द दाखवून उपस्थिती तपासली जाते. आपल्याला त्या तासांचा उपयोग नाही, तर शुल्कात काही फरक पडतो का? तसेच वीज गेली तर इन्व्हर्टरवर संगणक व राउटर दोन्ही चालतात, परंतु केबलवाल्याकडील वीज गेली की इंटरनेट बंद पडते. मोबाइलच्या डेटावर पूर्ण सत्र नीट चालते का, हे कोणी पाहिले असल्यास सांगावे.

सवलतीच्या शुल्काची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते, म्हणून त्यापूर्वी उत्तरे मिळाली तर सोयीचे होईल. आणि ज्यांनी अशा चर्चागटात किंवा समितीच्या बैठकीत प्रथमच तोंड उघडले असेल, त्यांनी तेव्हा स्वतःविषयी आणि आपल्या कायद्याविषयी पहिली दोन-तीन वाक्ये कोणती बोलली, ती आठवत असल्यास जशीच्या तशी येथे लिहावीत.