बाइंडिंग, बिडिंग, गोट: गोधडीच्या कडेला म्हणायचं काय?

दुकानांच्या पाट्यांवर 'फॉल, पिको, बिडिंग' वाचत बेळगावात वाढलेली मी. त्या बिडिंगनं यंदा घात केला, म्हणून हा प्रश्न.

वन्सं अमेरिकेत तुकड्यांच्या गोधड्या करतात. वरचा थर स्वतः जोडतात, शिवायला मात्र लाँगआर्मवालीकडे देतात. तिथं गोधडी चौकटीवर रुळांना ताणून बांधलेली असते आणि लांब हाताचं मशीन तिच्यावरून फिरतं. आपण कापड सुईखाली सरकवतो, त्याच्या अगदी उलटं. ताणायला पकड मिळावी म्हणून अस्तर आणि मधला कापूस चारी बाजूंनी तीन-चार इंच जादा ठेवतात. शिवून येते तीही तशीच, कडेनं झिंज्या सुटलेली. जादाचं कातरायचं आणि कडेला पट्टी लावायची, ते त्यांचं 'बाइंडिंग'. गणपतीला येताना बॅगेत घालून आणली. "वहिनी, कड तेवढी तुम्ही करा."

माझं मशीन दुरुस्तीला गेलेलं. एका दुकानात नेऊन दिली आणि म्हटलं, बाइंडिंग करून द्या. त्यानं ऐकलं बिडिंग, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारतात ती मशीनची शिलाई. गोधडी परत आली ती इंटरलॉक मारून! त्या मशीनला सुरी असते, शिवता शिवता कड कापत जाते. जादाचं तर गेलंच, वरच्या थराचंही पाव इंच गेलं. कडेच्या त्रिकोणांची टोकं छाटलेली. तो पाव इंच गोटाखाली, माफ करा, बाइंडिंगखाली जायचा होता. तो राहिला असता तर टोकं बरोब्बर कडेला टेकली असती.

दुकानदाराला काय बोलणार? शब्द मीच परका वापरला. मराठीत याला नेमकं काय म्हणायचं?

निपाणीहून: माफी कशाला मागता, बरोबर शब्द आपसूक तोंडातून गेला की! गोटच. आमच्या आईच्या तोंडी दुसरा शब्द नाही. झबल्याच्या गळ्याला गोट, टोपड्याला गोट, दुपट्याला गोट. वेगळ्या कापडाची पट्टी कडेवरून दोन्ही अंगांना वळवली की तो गोट. मूळचंच कापड आत मुडपलं तर ती दुमड. एवढा फरक सांगितला असता तर दुकानदार चुकला नसता.

शहापूरहून: मग मगजी? आमच्या घरी दुलईला मगजी म्हणायचे.

निपाणीहून: आमच्याकडे मगजी म्हणजे बारीक, दोन कापडांच्या जोडातून डोकावणारी. तिला आता सगळे पायपिनच म्हणतात. गोधडीच्या कडेला बोटभर दिसतो तो गोट. संजाप असाही शब्द कोशात भेटतो, पण कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हल्याळहून: तुम्ही सगळे गोट शोधताय, पण आपल्या वाकळेला गोट कुठं असतो? आमच्या भागातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंद, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात ते बघा. त्या कडेपासूनच सुरू करतात. कोपऱ्यात पहिला तुकडा, त्याची कड आत दुमडून धावदोरा, मग पुढचा, असं कडेकडेनं फिरत फिरत मध्यावर येऊन संपतं. कड आधीच बंद झालेली, मागून लावायला काही उरतच नाही. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंद पुरं झालं असं धरत नाहीत. हा शब्द आणि कानडीतली कौदी एकाच कुळातले दिसतात.

वन्संच्या गोधडीत उलटं आहे. तिथं पोट आधी शिवलं, कड राहिली. म्हणून गोटाची गरज.

प्रश्न विचारणारी: हे डोक्यातच आलं नव्हतं. आज्जी वाकळ घालताना ओरडायची ते आता कळलं, "पैलं कड घे, मग आत ये." इलकलचं जुनं लुगडं असेल तर तिची कड म्हणजे लुगड्याचा काठच, आयता.

आता दुसरा शब्द. गोट लावायच्या आधी जादाचं कापतात त्याला काय म्हणू? छाटणं झाडाचं. बेतणं म्हणजे मापानं कापणं, पण ते शिवायच्या आधी. कातरणंच बरं वाटतं, पण त्यात चारी कोपरे काटकोनात आणणं येत नाही, आणि खरं काम तेच आहे. ताणून शिवलेली गोधडी चौकटीवरून सुटली की एखादी बाजू थोडी बाहेर जाते.

खानापूरहून: घरात गवंडी नाही वाटतं! गुण्यात घ्यायची. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं गवंड्याचं हत्यार. भिंत गुण्यात, चौकट गुण्यात, तशी गोधडीही गुण्यात. आमचे बाबा कागदाची घडीसुद्धा 'गुण्यात नाही' म्हणून परत मोडायला लावायचे.

प्रश्न विचारणारी: गुण्यात घेणे! घेतला. पट्टी आणि गुण्या लावून पुन्हा कापली. चारी बाजूंनी इंटरलॉकची कड जाऊन आता ६० बाय ८० इंच राहिली. घेर २८०, त्यात जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ धरून २९२ इंच गोट. ४२ इंच पन्ह्याच्या कापडाच्या अडीच इंची आठ पट्ट्या काढल्या आणि तिरक्या जोडल्या, म्हणजे जोडाची जाडी एका जागी साठत नाही. उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीची गरज नाही, कडा सरळ आहेत. पट्टी मधोमध दुमडून इस्त्री, पुढून पाव इंचावर टीप, मागं वळवून हातशिलाई. टोकं गेली ती गेली, वन्संना अजून सांगितलेलं नाही.

कोपऱ्यावर मात्र अडले. पाव इंच आधी थांबायचं, पट्टी वर मोडायची, मग खाली, म्हणजे कोपऱ्यात तिरकी घडी पडते. जमलं, पण त्या घडीला शब्द काय?

शहापूरहून: आईला विचारलं. ती म्हणाली, "नाव कशाला लागतंय? कोन मोड, एवढंच सांगायचं."

निपाणीहून: आमच्याकडेही कोन मोडणेच. पण गळ्याच्या गोटाला कोनच नसतो, त्यामुळे शब्द फारसा कुणाला लागत नाही.