एमएम ५४० : खड्ड्यात आपटली की स्टेअरिंग हातात राहत नाही

भजनी_जीपवाला (खानापूर)

मंडळी, नमस्कार. गाडी महिंद्रा एमएम ५४०. २११२ सीसीचं प्युजो डिझेल, चार गिअर, केए-२२ पासिंग. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. जांबोटीच्या पुढं आमची काजूची बाग आहे, तिथं जायला-यायला हीच. आणि एकादशीला भजनी मंडळ घेऊन गावोगाव फिरायलाही हीच. मागं पेटी, पखवाज, टाळांची पिशवी आणि चांगले धिप्पाड टाळकरी. म्हणजे मागं वजन असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तक्रार अशी. सपाट रस्त्यावर काही म्हणजे काही नाही. पंचेचाळीस-पन्नासच्या वेगात डावं चाक खड्ड्यात आपटलं की पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडं फडफडायला लागतात, बॉनेट थडथडतं, आरशात काही दिसत नाही. स्टेअरिंग घट्ट धरून भागत नाही. ब्रेक दाबून वीसपर्यंत आणली की आपोआप शांत. कणकुंबीकडचा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना खड्डे कुठं आहेत हे सांगायला नको. परवा आमचा पखवाजवाला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, मी मोटरसायकलवरनं येतो." तेव्हा मात्र मनावर घेतलं.

इथल्या मिस्त्रीनं स्टेअरिंग दोनदा हलवलं आणि "बॉक्स होगेत्री" (स्टेअरिंग बॉक्स गेला) म्हणून मोकळा झाला. नवा बॉक्स टाका म्हणतो. मला पटत नाही, कारण गाडी उभी असताना स्टेअरिंगला म्हणावा तसा प्लेच (ढिलेपणा) नाही. टायर ६.००-१६, नायलॉनचे, निम्मे झिजलेत. उंची वाढावी म्हणून पुढं लांब शॅकल (पाटा चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकलेत, ती पुतण्याची हौस. पैसे घालायला ना नाही, पण काजू विकून होईपर्यंत अंदाजपंचे घालायचे नाहीत. कुठनं सुरुवात करू?

चोर्ला_रायडर

स्टेअरिंग डँपर (स्टेअरिंगचे हादरे शोषणारा शॉकॲब्सॉर्बर) टाका, विषय संपला. माझ्या सीजे जीपला टाकलाय, साठला पण सरळ जाते. अर्ध्या तासाचं काम.

निपाणीकर_मामा

त्या डँपरचं नाव काढू नका हो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडल्यासारखं हाय ते. खाली झीज चालूच राहत्या, फक्त तुमच्या हाताला कळत न्हाई.

जीपवाले अण्णा, बॉक्सला आत्ता हात लावू नका. पुढचं चाक जॅकवर उचला, ॲक्सलखाली लाकडी ठोकळा द्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाला, आणि आत-बाहेर ढकला. टकटक लागली तर पुतण्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. दाबल्यावर टकटक गेली तर चाकाचं बेअरिंग ढिलं. दाबून पण तेवढीच राहिली तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे चाक डावं-उजवं ज्यावर वळतंय ते. ब्रेक लागला की ड्रम आणि नकल (ॲक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) एकजीव होतात, मग हलायला किंगपिनशिवाय दुसरं उरतंय काय?

ह्या ॲक्सलला गोल डब्यासारखं बंद नकल असतंय. त्याच्या वर एक आणि खाली एक टेपर बेअरिंग, वरच्या टोपीखाली पातळ शिम्स (पत्र्याच्या चकत्या). बेअरिंग झिजलं की त्यातला ताण जातो आणि नकल मोकळं होतंय. सपाटीला कळत न्हाई. एक दणका बसला की चाक डोलायला लागतंय, दुसऱ्या चाकाला टाय रॉडनं (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यानं) ओढतंय, ते परत ह्याला. वेग उतरल्याशिवाय थांबत न्हाई. तुमचं गाऱ्हाणं नेमकं हेच हाय.

टाय रॉड सोडून नकल हातानं फिरवून बघा. जड, सारखं फिरायला पाहिजे. एका बोटानं गेलं तर ताण संपला समजा. विलीजच्या (आपल्या जीपचं मूळ) पुढच्या ॲक्सलला ११५९० कोन (आतला रोलरवाला भाग) आणि ११५२० कप (बाहेरची कडी) बसतोय. तुमच्या बेअरिंगवरचा नंबर वाचून ताडून घ्या, मगच दुकानात जावा.

आणि ते लांब शॅकल काढा बघू. जीपला कॅस्टर (किंगपिनचा मागं कललेला कोन) तीन अंशाच्या आसपास लागतोय. शॅकल लांब केलं की ॲक्सल पुढं झुकतो, कॅस्टर कमी होतो, चाक सरळ राहायचं विसरतंय. वर मागं टाळकरी बसले की गाडी मागं दबून तो बदलतोय ते वेगळंच, पण भजन बंद करा असं म्हणणार न्हाई.

टिळकवाडीचा_तबलजी

मामांनी सगळं सांगितलंच आहे. एक फुकटातली चाचणी : पुढची चाकं मागं आणि मागची पुढं घाला. फडफड कमी-जास्त झाली तर टायरचाही हात आहे. जीप बरेच दिवस उभी असेल तर नायलॉनच्या टायरला चपटं बसतं.

जरा अवांतर : एवढ्या हादऱ्यात पखवाजाची कणीक सुटत नाही का? आमच्याकडं तबलाही बसमधनं नेला की चढवावा लागतो.

भजनी_जीपवाला (खानापूर)

तबलजी, कणीक लावून न्यायचीच नाही. ज्या गावात कार्यक्रम त्या घरी मूठभर पीठ मागायचं, तिथंच मळायची, डाव्या पुडीला थापायची. घरची बाई "किती माणसं जेवायला?" विचारते, ते निराळं.

आता गाडीचं. रविवारी पुतण्याला घेऊन बसलो. उजव्या चाकाला टकटक होती, ब्रेक दाबला की गेली. डाव्या चाकाला ब्रेक दाबूनही जशीच्या तशी. टाय रॉड सोडला तर डावं नकल बोटानं फिरलं. मामा, पायावर डोकं ठेवतो.

उघडलं. मागचं अर्धगोल सील फाटलेलं. आत ग्रीस कमी आणि तांबूस पाणी जास्त. वरचं बेअरिंग बरं होतं. खालच्या कपात मात्र रोलरांच्या आकाराच्या खाचा पडलेल्या, ओळीनं, नख फिरवलं की प्रत्येक खाच लागते. गाडी सरळ चालवताना रोलर सगळा वेळ तिथंच बसतात, खड्ड्याचा मार तिथंच. दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगं बदलली. जुना कप पितळी दांड्यानं आळीपाळीनं ठोकत काढला. पितळेचा तुकडा उद्यमबागेतल्या लेथवाल्यानं भंगारातनं काढून दिला, पैसे घेतले नाहीत, काजूची पिशवी घेतली.

नवी बेअरिंगं बसवून वरच्या टोपीखालच्या जुन्याच शिम्स ठेवल्या तर नकल सैल. एक पातळ शिम काढली तेव्हा कुठं जड झालं. ही गोष्ट मला उलटी वाटायची : शिम काढली की ताण वाढतो. टोपी खाली दाबली जाते ना. उजव्या चाकाचं बेअरिंग आतला नट चाक अडेपर्यंत आवळून, एक षष्ठांश फेरा मागं घेऊन, पत्र्याच्या लॉकनं बांधलं. टो-इन (पुढची चाकं पुढच्या टोकाला आत वळलेली असतात ते माप) दोन मिलिमीटर ठेवला, काठी आणि खडूनं मापून. मूळचे शॅकल परत लावले. पुतण्या माझ्याशी बोलत नाहीये.

जांबोटीपर्यंत जाऊन आलो. खड्ड्यात मुद्दाम घातली. दणका बसतो, चाक एकदा हलतं, संपलं. बॉक्स जुनाच आहे.

चोर्ला_रायडर

म्हणजे माझाही डँपर सोडून बघू?

निपाणीकर_मामा

सोड, आणि पहिल्यांदा तीसनंच चालव.

अण्णा, तीन-चारशे किलोमीटर झालं की दोन्ही चाकं परत उचलून बघा, नवं बेअरिंग बसलं की ताण थोडा उतरतोय. लागली तर आणखी एक शिम काढा. सील बसवायच्या आधी नकलचा गोळा (ज्यावर सील घासतंय तो) हातानं चाचपला का? गंजाचे खड्डे असले तर नवं सील महिनाभर पण टिकायचं न्हाई. बारीक पॉलिश पेपर मारून घ्या. पावसाळ्यात ओढ्यातनं गाडी घालता का तुम्ही?

भजनी_जीपवाला (खानापूर)

बागेच्या वाटेवर एक नाला आहे, जून ते सप्टेंबर रोजच. गोळ्याला डाव्या बाजूला दोन-तीन खड्डे आहेत. पेपर मारला, पण खोल आहेत ते गेले नाहीत. ते धातूनं भरून घासून घ्यावेत का? आणि नकलमध्ये ग्रीस किती भरायचं, गच्च की अर्धं? कुणी भरून घेतलं असेल तर बेळगावात कुठल्या भागात ते काम नीट करतात एवढं सांगा. नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन येतो, तसंही पखवाजाला पुडी घालायची आहे.