द्राक्षबागेचा मंडप वादळात झोपला: हा टोर्नेडो होता का, आणि आधी काय करावे?

प्रश्न
मी नोकरीनिमित्त नाशिक शहरात राहतो. घर आणि साडेतीन एकर द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. परवा दुपारी चारच्या सुमारास जेमतेम पंधरा मिनिटांच्या वादळात गावातील कित्येक घरांचे पत्रे उडाले, आमची कांदाचाळ उघडी पडली आणि बागेचा मंडप, म्हणजे वेली चढवलेला लोखंड-तारांचा सांगाडा, एका अंगाला कलून झोपला. वडील दोन दिवस नुसते बांधावर बसून आहेत. गावातील मुले याला टोर्नेडो म्हणतात, मोबाइलवरील बातमीत चक्रीवादळ लिहिले आहे. नेमके काय होते, आणि मंडप लगेच उचलावा की पंचनाम्यासाठी थांबावे?

प्रतिसाद १
चक्रीवादळ नक्कीच नव्हे. ते समुद्रावर तयार होते आणि शेकडो किलोमीटर पसरलेले असते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगापासून जमिनीपर्यंत टेकलेला, गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब, ज्याच्या अरुंद पट्ट्यात झाडे वेड्यावाकड्या दिशांनी एकमेकांवर पडतात. आपल्याकडे मे महिन्यात अनेकदा वेगळेच घडते: ढगातील थंड हवा एकदम खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि बाहेरच्या बाजूला सरळ पसरते, त्यामुळे एका शिवारातील झाडे एकाच दिशेला आडवी होतात. टेत्सुया फुजिता या हवामानशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात विमानातून पडझड पाहून हाच भेद मांडला होता. तुमच्या शिवारातील झाडे कशी पडली आहेत, ते पाहा.

प्रतिसाद २
पिंपळगावकडील बागाईतदार म्हणून सांगतो. नाव काहीही असो, मदतीच्या अर्जात टोर्नेडो लिहू नका. वादळी वारा, तारीख, वेळ आणि गट क्रमांक एवढेच लिहा. मंडपाला हात लावण्यापूर्वी चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या आणि तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांना त्याच दिवशी कळवा. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांसाठी ती हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशी होती. आमच्या पंचनाम्यात मंडपाच्या लोखंडासाठी रकानाच नव्हता, आणि खरा खर्च तर तोच होता.

मात्र फार दिवस थांबू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या आखूड कापल्यानंतर, फुटलेल्या काड्यांतच पुढच्या हंगामाचे घड ठरतात. त्या मातीत लोळत राहिल्या तर यंदाचा मंडप आणि पुढच्या वर्षीचा माल, दोन्ही हातचे जातात. ताणलेली तार मध्येच कधीही कापू नका, ती उलटून अंगावर येते. टोकाकडून ताण सैल करून ओळीमागून ओळ उचला, मोडलेल्या काड्या स्वच्छ कापा आणि जखमांवरील फवारणी कृषी सहायकाला विचारून करा.

प्रतिसाद ३
चाळीतील भिजलेला कांदा आजच वेगळा काढून सावलीत, वाऱ्याला पसरावा. कोरड्यात मिसळला तर सगळीच चाळ सडेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज गावी जाऊन आलो. शिवारातील बाभळी आणि कडुनिंब सगळे पूर्वेकडे पडले आहेत, म्हणजे पहिल्या प्रतिसादातील दुसरी शक्यताच खरी दिसते. फोटो घेताना गट क्रमांकाची पाटी कोणी धरायची, असे विचारले, तेव्हा वडील बांधावरून उठले. तलाठी उद्या येणार आहेत. पहिल्या दोन ओळी परवा उचलू.