रात्री पेशंट कॉटवरून पडू नये म्हणून कॅमेरे: कॉट खानापुरात, बघणारा बेळगावात. जमेल का?

वॉर्ड_खानापूर
३० कॉटांचं हॉस्पिटल आहे. रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. मुख्य शाखा बेळगावात, २६ किलोमीटरवर. पडण्याचा धोका असलेल्या ८ कॉटांवर बोलता-ऐकता येणारे कॅमेरे लावायचे आणि बेळगावच्या शाखेत एकाने रात्रभर स्क्रीनवर लक्ष ठेवायचं, असा बेत चाललाय. विक्रेता म्हणतो, मोबाईल ॲपवर सगळं दिसतं, वेगळं काही लागत नाही. कोणत्या पेशंटला कॅमेरा द्यायचा, एका माणसाने किती कॉट बघायचे, आणि पावसात नेट-लाईट गेली तर काय?

नर्सिंग_क्वालिटी
संख्येपासून सुरू करू. अमेरिकेत ही पद्धत रुळलीय, तिथे एक माणूस साधारण १२ ते १६ पेशंट बघतो. तुमचे ८ म्हणजे सोपं, पण एकच माणूस रात्री ८ ते सकाळी ८ बसवलात तर पैसे पाण्यात. सलग पडदा बघताना अर्ध्या तासानंतर नजर सुटू लागते, हे मॅकवर्थने १९४८ मध्येच दाखवलंय. दोघं ठेवा, दर दोन तासांनी आलटून पालटून. बघणाऱ्याला बिलिंग, फोन, रजिस्टर असलं दुसरं काही काम देऊ नका.

पेशंट निवडताना नुसत्या मोर्स स्केलवर (पडण्याच्या धोक्याला गुण देणारा तक्ता) जाऊ नका. सलाईन किंवा हाताला सुई असली की २०, दुसरा आजार असला की १५, चाल अशक्त असली की १०. झाले ४५, म्हणजे बहुतेक ठिकाणी धरतात ती 'जास्त धोक्याची' रेषा. आपल्याकडे सलाईन नाही असा पेशंट सापडणं मुश्किल, त्यामुळे साठीपुढचा निम्मा वॉर्ड त्यात बसतो. कॅमेरा द्यायचा तो 'हाक न मारता उठणाऱ्याला': रात्री गोंधळणारा, लघवीला घाईने उठणारा, आपल्याला चालवत नाही हे विसरणारा. आवाज देऊनही न थांबणारा, ठार बहिरा, मारहाण करणारा किंवा आत्महत्येचा धोका असलेला पेशंट कॅमेऱ्यावर सोडायचा नाही. त्याच्याजवळ माणूसच बसला पाहिजे.

आता भाषा. आपल्या भागात याच्यावर सगळं अडतं. घोटगाळीकडच्या आजींना स्पीकरमधून कन्नडमध्ये सांगितलं तर त्या घाबरून अजून लवकर उठतील, आणि बैलहोंगलच्या अज्जींना मराठीत सांगितलं तरी तेच. प्रत्येक कॉटच्या चौकटीखाली स्क्रीनवर भाषा आणि हाक लिहून ठेवा: 'मराठी, आजी' किंवा 'कन्नड, अज्जी'. वाक्यं छोटी आणि ठरलेली. "आजी, उठू नका, सिस्टर आल्याच." "एळब्याड्री अज्जी, सिस्टर बर्तारे." भरतीच्या वेळी हा आवाज दिवसाउजेडी एकदा ऐकवा आणि तो कुठून येतो ते दाखवा. नाहीतर रात्री भिंत बोलली असंच वाटतं.

संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हीत. रेकॉर्डिंग बंद, फक्त थेट बघणं. साठवायला लागलात की २०२३ च्या डीपीडीपी कायद्याच्या (लोकांच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा) जबाबदाऱ्या वाढतात, आणि पडणं थांबायला त्याचा उपयोग शून्य. संडास-बाथरूममध्ये कॅमेरा नाहीच. अंग पुसताना चित्र झाकायची सोय हवी, पण १५ मिनिटांनी ते आपोआप उघडलं पाहिजे. झाकलेलं उघडायला विसरणं ही नेहमीची चूक.

यंत्र_देखभाल_बेळगाव
विक्रेत्याचं ॲप विसरा. क्लाउडवरून फिरून येणारं चित्र काही सेकंद मागे असतं, आणि म्हातारा माणूस पाय खाली सोडून उभा राहायला तेवढाच वेळ घेतो. पीओई स्विच (एकाच केबलने कॅमेऱ्याला वीज आणि नेट देणारा), वॉर्डातच लोकल एनव्हीआर (सगळे कॅमेरे जोडायची पेटी, तिच्यातलं रेकॉर्डिंग बंद ठेवून) आणि बेळगावपर्यंत व्हीपीएन (नेटवरूनच जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) असं करा. एक केबल १०० मीटरच्या आत.

नेट बघताना अपलोड बघा, डाउनलोड नव्हे. १०८०पी चित्र, एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) ला कॅमेऱ्यामागे साधारण २ एमबीपीएस, म्हणजे आठांचे १६. तेवढं नसेल तर सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी बारकाव्याचं चित्र) पाठवा, आठांना मिळून ४-५ त भागतं. पेशंट उठतोय हे कळायला चेहऱ्याची सुरकुती दिसायची गरज नाही.

स्विच, कॅमेरे, एनव्हीआर, राउटर मिळून सुमारे १०० वॉट धरा. साध्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास. प्रत्यक्षात अर्धा तास, जुनी असेल तर दहा-पंधरा मिनिटं. खानापूरच्या पावसाळ्याला हे पुरणार नाही. ऑनलाइन यूपीएस (लाईट गेली तरी क्षणभरही वीज न तुटू देणारा) आणि मोठी बॅटरी घ्या, आणि फायबरची पेटी त्याच यूपीएसवर आहे ना ते बघा. कॅमेरे चालू आणि फायबरची पेटी बंद, हे फार ठिकाणी होतं. शिवाय सिस्टरच्या टेबलावर एक लोकल स्क्रीन हवाच. लाईन तुटली की बेळगावहून लगेच फोन: 'आता तुम्ही बघा.'

कॅमेरा कॉटच्या पायथ्याकडच्या कोपऱ्यात, ८ फूट उंचीवर, तिरका. कॉटच्या दोन्ही बाजू आणि संडासाकडची वाट दिसली पाहिजे. खिडकीकडे तोंड नको. मच्छरदाणी असली तर इन्फ्रारेडचा उजेड जाळीवर आपटून सगळं पांढरं दिसतं. अशा ठिकाणी दिवा वेगळ्या भिंतीवरून द्या. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात लाल दिसतात, गोंधळलेला पेशंट त्याकडेच बघत बसतो. ९४० चे दिसत नाहीत, पण पल्ला कमी. आणि काचेपुढचं कोळ्याचं जाळं आठवड्याला पुसा, कॅमेऱ्याचे हालचालीचे खोटे अलार्म त्यानेच वाजतात.

वॉर्ड_खानापूर
धन्यवाद. दोन्ही कठडे वर करून ठेवले आणि बेड-अलार्मची गादी टाकली तर कॅमेरे कमी लागतील का? रात्री सोबतचे लोकही असतात.

फिजिओ_निपाणी
कठडे पूर्ण वर केले तर गोंधळलेला पेशंट त्यावरून चढतो आणि अजून उंचावरून पडतो. कॉट सगळ्यात खाली, ब्रेक लावलेले, उतरायच्या बाजूचा अर्धा कठडा मोकळा. अलार्मच्या गादीवर भिस्त नको. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या १६ वॉर्डांच्या चाचणीत अलार्मचा वापर वाढला, पडणं मात्र लक्षात येण्याइतकं घटलं नाही. अलार्म वाजतो तेव्हा पेशंट उठलेला असतो.

सोबतचा माणूस चटई नेमकी उतरायच्या बाजूला टाकून झोपतो. पेशंट उठला की त्याच्या अंगावर अडखळतो. चटई भिंतीच्या बाजूला.

बरेच जण पडतात ते लघवीला उठताना. झोपण्याआधी आणि मग जागे असतील तेव्हा दर दोन तासांनी विचारा. लघवीच्या गोळीचा दुसरा डोस संध्याकाळी नको, डॉक्टरांना विचारून दुपारी ४ च्या आत आणा. उठवताना दोन मिनिटं काठावर बसवा. उभं केल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर चालवू नका.

नर्सिंग_क्वालिटी
एक राहिलं. बेळगावचा माणूस फक्त बोलू शकतो, धावायचं खानापुरातच. तेव्हा स्टॉपवॉच घेऊन रात्री २ वाजता सराव करा: आवाज, १० सेकंदांत फरक नाही तर वॉर्डातली घंटा, आणि घंटेपासून मावशी कॉटपाशी पोचेपर्यंत किती सेकंद. ३० च्या वर जात असतील तर ते आठ पेशंट सिस्टरच्या टेबलाजवळच्या कॉटांवर आणा. कॅमेरे त्यानंतर मोजा, कदाचित पाचच लागतील.

हिशेब 'महिन्याला किती पडले' असा ठेवू नका. पडलेले भागिले एकूण पेशंट-दिवस, गुणिले १०००. रोज सरासरी २४ कॉट भरलेले असतील तर ३० दिवसांचे ७२०; दोघे पडले तर २.७८. कॅमेऱ्याआधीचे सहा महिने जुन्या रजिस्टरमधून आत्ताच काढून ठेवा, आणि 'आवाज दिला, पेशंट थांबला' याचीही वेगळी नोंद सुरू करा.