शांतता राखणे, घडवणे, उभारणे : ‘पीसबिल्डिंग’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘पीसमेकिंग’, ‘पीसकीपिंग’ आणि ‘पीसबिल्डिंग’ हे शब्द लागोपाठ येतात. वर्तमानपत्रांत तिन्हींसाठी सर्रास ‘शांतता प्रस्थापित करणे’ दिसते. तसे केले तर माझे एक वाक्य ‘शांतता प्रस्थापित झाल्यावर शांतता प्रस्थापित करण्याचे काम सुरू होते’ असे होते! काय करावे?

प्रतिसाद : ही तीन कामे खरोखरच वेगळी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी १९९२च्या अहवालात त्यांची फोड केली होती. भांडणाऱ्यांना बोलणी करायला बसवून करारापर्यंत आणणे हे ‘मेकिंग’. संयुक्त राष्ट्रांचे निळ्या शिरस्त्राणांचे सैनिक मध्ये उभे करणे हे ‘कीपिंग’. पुन्हा भडका उडू नये म्हणून पोलीस, न्यायालये, निवडणुका, निर्वासितांच्या जमिनी या सगळ्याची घडी बसवणे हे ‘बिल्डिंग’. या शेवटच्या कामासाठी २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वेगळा आयोगच स्थापला. मी अनुक्रमे ‘समझोता घडवणे’, ‘शांतता राखणे’ आणि ‘शांतता उभारणी’ म्हणेन. ‘शांतताबांधणी’ही सुचेल, पण ‘बांधणी’ म्हटले की मला आधी मोर्चेबांधणी आठवते. आणि ‘प्रस्थापित’ तर नकोच. त्यात काम उरकल्याचा सूर आहे.

प्रतिसाद : उभारणी मान्य. पण त्याआधीच्या पायरीवरही घोळ असतो. ‘शस्त्रसंधी’, ‘युद्धतहकुबी’ आणि ‘तह’ एकाच बातमीत आलटूनपालटून येतात. सभा तहकूब होते म्हणजे ती संपत नाही, युद्धाचेही तसेच. कोरियात २७ जुलै १९५३ला झाली ती तहकुबी. तह आजतागायत झालेला नाही. तिथे ‘कोरियन युद्ध १९५३ मध्ये तहाने संपले’ असे लिहिणे सरळ चूक आहे.

प्रतिसाद : मला ‘शांतता’ याच शब्दाबद्दल बोलायचे आहे. मराठीत ‘शांतता’ म्हणजे आवाज नसणे हाही अर्थ आहे, ‘शांतता पाळा’ या पाटीतला. शांततेचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नकारात्मक आणि सकारात्मक शांतता असा भेद केला. नुसता हिंसाचार थांबणे ही पहिली. अन्यायाची कारणेच दूर होणे ही दुसरी. आपला शब्द पहिलीकडे झुकतो. स्पेन पाहा. यादवी जिंकून सत्तेवर आलेला हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारल्यावर लोकशाहीकडे जाताना १९७७च्या कायद्याने सर्वांना माफी मिळाली आणि यादवीतल्या हत्यांबद्दल न बोलण्याचा अलिखित करारच झाला. सामूहिक कबरी दशकानुदशके तशाच राहिल्या. २००७चा ऐतिहासिक स्मृतीचा कायदा आला तेव्हा कुठे सरकारी पातळीवर त्याबद्दल रीतसर बोलणे सुरू झाले. त्या तीस वर्षांना मी ‘शांतता’ म्हणेन, तेही पाटीतल्या अर्थाने. म्हणून लेखात जिथे सकारात्मक अर्थ आहे तिथे ‘टिकाऊ शांतता’ किंवा ‘न्याय्य शांतता’ असे विशेषण लावाच.

प्रश्नकर्ती : पटले. आता पुढची अडचण, ‘रिकन्सिलिएशन’. कोशात समेट, सलोखा, दिलजमाई असे तीन शब्द आहेत.

प्रतिसाद : तिन्हींचे वजन निराळे. समेटात देवाणघेवाण आहे, नेते करतात तो समेट. दिलजमाई दोन माणसांची, रुसवा काढल्यासारखी. खुनाच्या संदर्भात तो शब्द क्रूर वाटतो. सलोखा म्हणजे शेजारी म्हणून नांदता येणे, आणि त्यात क्षमा गृहीत धरलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाला ‘सत्य आणि सलोखा आयोग’ म्हणावे. तिथे राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली दिली तरच माफी मिळू शकत होती, आणि बहुतेक अर्ज फेटाळले गेले. पीडितांनी माफ करावे अशी अट नव्हतीच. रवांडातल्या गचाचा न्यायालयांनाही काही ठिकाणी ‘समेट पंचायत’ म्हटलेले वाचले. १९९४च्या वंशसंहाराचे खटले तिथे गावकऱ्यांमधूनच निवडलेले न्यायाधीश चालवत आणि तुरुंगवासाच्या शिक्षाही देत. त्याला समेट कसे म्हणणार?

प्रतिसाद : एक मुद्दा राहिला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंडखोरांनी शस्त्रे सोडली की आपण डोळे झाकून ‘शरणागती’ किंवा ‘आत्मसमर्पण’ लिहितो. करार करणाऱ्यांनी नेमका हाच शब्द टाळण्यासाठी महिनोन्‌महिने घालवलेले असतात! उत्तर आयर्लंडमध्ये १९९८च्या शांतता करारानंतरही आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेची शस्त्रे हा कळीचा प्रश्न होता. ती सरकारच्या हाती देणे म्हणजे हार, म्हणून ‘वापराबाहेर ठेवणे’ अशी शब्दयोजना झाली. हे काम एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाच्या देखरेखीखाली चालले आणि सप्टेंबर २००५ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कोलंबियातल्या फार्क या बंडखोर संघटनेनेही २०१६च्या करारात शस्त्रे ‘सुपूर्द करणे’ न म्हणता ‘सोडणे’ म्हटले आणि २०१७ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात दिली. तिथे ‘फार्कची शरणागती’ असा मथळा दिलात, तर कराराला विरोध करणाऱ्यांचीच भाषा तुम्ही वापरलीत. ‘शस्त्रत्याग’ चालेल.

प्रश्नकर्ती : ‘शस्त्रत्याग’ छान, मथळ्यातही मावतो. शस्त्रत्यागानंतरच्या ‘रीइंटिग्रेशन’ला ‘पुनर्वसन’ लिहू का?

प्रतिसाद : पुनर्वसन विस्थापितांचे, घर आणि जमीन देऊन होते. लढवय्याला घर मिळाले तरी गाव त्याच्याशी बोलेलच असे नाही. ‘समाजात परत सामावून घेणे’ असे लांबलचकच लिहा. यात घेणारा समाजही दिसतो.

प्रश्नकर्ती : मथळा सोडून बाकी सगळीकडे तसेच लिहिते. मथळ्यापुरते ‘पुनर्प्रवेश’ चालवून घ्या.