मातीचे उंचवटे ढिगाऱ्यासारखे दिसून राहिले, काय करू?

पोकलेनवाला_यवतमाळ: भाऊ, आमच्या इकडं एक रिसॉर्टवाला नऊ होलचं गोल्फ कोर्स करून राहिला, मातीकाम माझ्याकडं आहे. तळ्यातून निघालेल्या मातीचे उंचवटे केले पण लांबूनच समजते की टिप्परनं आणून टाकले. काय करू?

वऱ्हाडी_सिव्हिल: उंची राहू दे, पायथा लांबव. उतार जिथं एकदम तुटते तिथंच बनावटपणा दिसते. एक बाजू इतकी लांब ने की कुठं संपली ते कळू नये, अन् दोन उंचवटे एकसारखे नको. गोल्फ कोर्स आखणारा पीट डाय, त्याचं अमेरिकेतलं व्हिसलिंग स्ट्रेट्स कोर्स (1998) पाहा, सपाट लष्करी जागा होती, आता आयर्लंडच्या समुद्रकाठासारखी वाटते.

नाल्याकाठचा: पण आधी जागा वाच ना बाप्पा! अमेरिकेतल्या नेब्रास्कातलं सँड हिल्स गोल्फ कोर्स (1995) फारच थोडी माती हलवून झालं, कारण टेकड्या होत्याच. पावसाचं पाणी जिकडून वाहते तो नाला बुजवू नको, त्याच्याच वळणानं उतार दे. अन् ग्रीनखाली (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताखाली) काळी माती अजिबात नको, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथं गिट्टी अन् वर वाळूच पाहिजे.

पोकलेनवाला_यवतमाळ: वरची काळी वेगळी काढून ठेवली आहे, ती फक्त उतारावर पसरवतो. उद्या तळ्याकडचा पायथा लांबवून फोटो टाकतो.